तुम्ही विचारलंत म्हणून: कैगाला काही झालं तर?

चवथीला फोंड्याच्या घरी माणसं जमतात, आरती होते, नेवऱ्यांचं ताट फिरतं आणि कुणीतरी विचारतंच, "काका, कैगा फुटलं तर आमचं काय?" काणकोणचे पाहुणे जरा जास्तच काळजीने विचारतात. पोळेची हद्द ओलांडली की कारवार, तिथून काळी नदीच्या काठाने आत गेलं की कैगाचं अणुवीज केंद्र. माझी नोकरी अणुभट्ट्यांचे अपघात कागदावर घडवून बघण्यात गेली, त्यामुळे हा प्रश्न माझ्याच पानात वाढला जातो.

"फुटलं" या शब्दाशीच मी अडतो. भट्टी बॉम्बसारखी फुटत नाही. कैगाचं नैसर्गिक युरेनियम त्या कामाचं नव्हेच. भीती आहे ती भट्टी बंद केल्यानंतरची. चुलीतली लाकडं ओढून घेतली तरी निखारे धगधगत राहतात, तसं विखंडन, म्हणजे अणू दुभंगून उष्णता देणं, थांबलं तरी इंधन तापतच राहतं. तिथली एक भट्टी २२० मेगावॅट वीज देते, पण उष्णता त्याच्या तिपटीहून जास्त. बंद केल्याक्षणी त्यातली सहा-सात टक्के उरते, म्हणजे ५० मेगावॅटच्या आसपास. दिवसभराने अर्धा टक्का. किरकोळ वाटतं ना? तेही दीड-दोन हजार गिझर अहोरात्र चालू ठेवल्यासारखं आहे. पाणी पोचलं नाही तर इंधनावरचं झिर्कोनियमचं आवरण तापत जातं. बाराशे अंशांच्या घरात ते वाफेतला ऑक्सिजन झपाट्याने ओढून घेतं आणि हायड्रोजन मोकळा होतो.

म्हणजे प्रश्न असा: वीज गेल्यावर पाणी कोण पोचवणार? वीज तयार करणाऱ्या कारखान्याला सर्वांत मोठा धाक वीज जाण्याचा, हे पाहुण्यांना दरवर्षी नव्याने पटवावं लागतं.

३१ मार्च १९९३च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या अणुवीज केंद्रात हेच झालं. टर्बाइनची पाती तुटली, आग लागली. आपत्कालीन डिझेल जनरेटर होते, पण त्यांच्या केबली आगीच्या वाटेतच होत्या. जवळजवळ १७ तास केंद्र अंधारात. माणसं टॉर्च घेऊन वर चढली आणि विखंडन दाबून ठेवणारं बोरॉनचं द्रावण हाताने भट्टीत सोडलं. आग विझवायच्या डिझेल पंपांचं पाणी स्टीम जनरेटरमध्ये, म्हणजे भट्टीच्या उष्णतेवर वाफ करणाऱ्या टाक्यांत, घातलं. इंधनाची उष्णता वाहून नेणारं आतलं जड पाणी पंपावाचून, गरम वर आणि गार खाली या न्यायाने फिरत राहिलं. किरणोत्सार बाहेर आला नाही.

त्या माणसांचं कौतुक आहेच. पण मला छळतात त्या केबली. आम्ही कागदावर जनरेटर मोजायचो: हा बंद पडला तर तो आहे, तोही पडला तर तिसरा. तिघांचं नशीब एकाच भिंतीवरून जात असेल, हे आकडेमोडीत दिसत नाही. फुकुशिमाला २०११मध्ये आगीच्या जागी समुद्र होता. बहुतेक जनरेटर एकाच लाटेत गेले.

यावर कुणी जाणता कैगाच्या भट्टीवरच्या घुमटाची आठवण काढतो. बरोबर आहे. १३ मे १९९४ला कैगाच्या पहिल्या भट्टीचा आतला घुमट बांधकामातच निखळून खाली आला. कामगार जखमी झाले. इंधन तेव्हा आत नव्हतं. सगळं अडवायला जी शेवटची भिंत, तीच आधी पडली! आराखडा बदलावा लागला आणि वीज मिळायला २००० साल उजाडलं. आज तिथे दुहेरी भिंत आहे. मधल्या पोकळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी ठेवतात, म्हणजे गळती झालीच तर हवा बाहेरून आत येते. खाली पाण्याचा मोठा साठा असतो. नळी फुटली तर वाफ त्यात विरून दाब उतरतो.

"म्हणजे भ्यायचं की नाही?" गेल्या चवथीला पुतण्याने विचारलं. त्याने नुकताच इन्व्हर्टर घेतला होता, जोडीला जनरेटरही. दाखवायला घेऊन गेला. दोन्हींच्या वायरी एकाच बोर्डावर आल्या होत्या, बरोबर गळक्या कौलाखाली. मी वर बोट दाखवलं.

"काका," तो म्हणाला, "पानं वाढलीत. चला."