उद्या येरवड्याला

मंगळवार, रात्री साडेदहा

पायजम्याची नाडी काढून नेफ्यात इलॅस्टिक ओवत बसले होते. भावजयीनं दुपारी फोनवर बजावलं होतं, "आक्का, नाडीचं काही घेऊ नका, मागच्या वेळी मला परत आणावं लागलं." ती दोनदा जाऊन आली आहे. मी उद्या पहिल्यांदा जाणार. माझा धाकटा भाऊ येरवडा कारागृहात आहे, येत्या शुक्रवारी दोन महिने होतील.

हे असं सरळ आज पहिल्यांदाच लिहिलं. तोंडानं अजून कुणाला सांगितलेलं नाही. गल्लीत आईनं "पुण्याला कामाला लागलाय" असं सांगून ठेवलंय आणि मीही शेजारी उभी राहून मान हलवली आहे. मी इतिहास शिकवते. २४ सप्टेंबर १९३२ ही तारीख दरवर्षी फळ्यावर लिहिते. गांधीजींचं उपोषण, बाबासाहेबांशी चाललेल्या वाटाघाटी, येरवड्यातला तो पुणे करार. इतकी वर्षं 'येरवडा' हा शब्द वर्गात कसा सहज उच्चारला! या सहामाहीत तो धडा आला तेव्हा मुलांना वाचायला सांगून मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

भाऊ एका पतसंस्थेत कारकून होता. कागदांवर सह्या त्याच्या आहेत. पैसे कुणी खाल्ले, त्याला किती माहीत होतं, मला खरंच ठाऊक नाही. ज्यांच्या ठेवी बुडाल्या त्यांत आमच्या शाळेतली शिपाईमावशीही आहे. ती मला अजून "बाई, चहा ठेवू का?" विचारते आणि माझ्या घशाखाली तो चहा उतरत नाही. तरी मी उद्या जाणार आहे. त्यानं केलं की नाही हे ठरवून मग जायचं, असं मी महिनाभर स्वतःला सांगत राहिले. पण ते ठरवायला कोर्ट आहे, बहीण मी एकटीच आहे.

वकील म्हणाले, तो कच्चा कैदी आहे, म्हणजे गुन्हा शाबीत झालेला नाही. म्हणूनच अंगावर घरचे कपडे चालतात. मग मी वाचत गेले. २०२२ च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसं होती आणि त्यांतली शंभरातली पंचाहत्तर अशी कच्चीच. म्हणजे उद्या दारात ज्या बायका रांगेत असतील, त्यांतल्या बहुतेकींचं माझ्यासारखंच, निकाल न लागलेलं. नव्या कायद्यात पहिल्यांदाच आरोपी झालेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर जामिनाची तरतूद आहे. त्याच्यावरच्या कलमाला सात वर्षं. मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. दोन वर्षं चार महिने. आईला हे सांगितलेलं नाही.

कागदांचं वेगळंच. माझ्या आधारवर सासरचं आडनाव, नवऱ्याचं नाव. मी त्याची सख्खी बहीण आहे हे कशावरून कळणार? म्हणून पेटीतून शाळा सोडल्याचा दाखला काढला. त्यावर दादांचं, आमच्या वडिलांचं, नाव आहे, तेच त्याच्याही दाखल्यावर. भेटीची नोंदणी भाचीनं मोबाईलवर करून दिली. त्यात कैद्याशी नातं काय, असं विचारलेलं. ती क्षणभर थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि "बहीण" निवडलं.

यंदा भाऊबीजेला पाट मांडला नाही. अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. आई दारातून बघत होती. आत जाऊन तिनं दिवा मालवला.

आता संध्याकाळपासून तिचं शेंगदाण्याच्या लाडवांचं चाललंय. घरचं खायला आत घेत नाहीत, हे तिला तीनदा सांगून झालं. "तू ने तर खरं, एखादा पोलीसदादा ऐकेल," म्हणते. डबा भरून पिशवीत ठेवलाय. तो मी काढणार नाही. परत येताना एसटीत बाजूच्या बाईच्या पोरांना देईन.

वीसेक मिनिटं मिळतात म्हणे. मध्ये काच आणि बोलायला फोन. भावजय सांगत होती, पहिली पाच मिनिटं नुसती रडण्यात जातात, म्हणून काय बोलायचं ते लिहून न्या. मी कागद घेतला. आईचा गुडघा बरा आहे. पोराला गणितात चांगले मार्क पडले. विहिरीला पाणी आहे. पुढे सुचेना. जेवतोस का, झोप लागते का, असलं विचारलं तर तो "हो" म्हणणार, लहानपणीही ताप अंगात घेऊन "हो" म्हणायचा.

साडेअकरा

पहाटे पाचची एसटी, स्वारगेटला उतरून पुढं बस. कपड्यांची घडी घालता घालता लक्षात आलं, इलॅस्टिक मी दिवाळीआधीच्या त्याच्या कमरेच्या मापानं घातलंय. भावजय म्हणाली होती, बराच उतरलाय.

शिवण उसवली आणि चार बोटं कमी केलं.