सात मिनिटांचे घड्याळ

शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी उरलेला वेळ दाखवणारे छोटे अँड्रॉइड ॲप करून देण्याचे मी कबूल केले, तेव्हा दर सेकंदाला पडद्यावरचा आकडा एकाने कमी करायचा एवढेच काम असल्याने ते एका संध्याकाळी उरकेल, असा माझा समज होता.

पहिल्या प्रयत्नात मी लूपमध्येच (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या सूचनांमध्येच) 'थ्रेड.स्लीप' लिहिले. थ्रेड म्हणजे ॲपमधील एकामागून एक चालणाऱ्या कामांची साखळी आणि ही आज्ञा तिला ठरावीक वेळ थांबवते. पडदा ज्या मुख्य थ्रेडवर रंगवला जातो त्यालाच मी झोपवले होते. साहजिकच आकडा ०७:०० वरून हलेना आणि बटणही दाद देईना. मग जावाचा 'टायमर' वापरला. तो वेगळ्या थ्रेडवर चालतो आणि व्ह्यूला, म्हणजे पडद्यावरच्या घटकाला, परक्या थ्रेडने हात लावलेला अँड्रॉइडला खपत नाही. पहिल्याच ठोक्याला ॲप कोसळले.

अखेर मुख्य थ्रेडच्या लूपरला (रांगेतली कामे एकेक करून चालवणाऱ्या भागाला) जोडलेला 'हँडलर' घेतला; तो त्या रांगेत कामे टाकतो. रनेबलने, म्हणजे रांगेत टाकलेल्या कामाने, आकडा बदलायचा आणि 'पोस्टडिलेड'ने १००० मिलिसेकंदांनंतरसाठी स्वतःलाच पुन्हा रांगेत लावायचे, अशी ही रचना. आकडे सरकू लागले आणि मी निर्धास्त झालो. पण सरावाच्या वेळी वेळ पाहणाऱ्या बाईंनी आपले स्टॉपवॉच माझ्या फोनशेजारी धरले, तेव्हा त्यांची सात मिनिटे संपूनही माझ्याकडे ००:०४ शिल्लक होते.

"स्पर्धकांना चार सेकंद बक्षीस का?" त्यांनी विचारले.

१००० मिलिसेकंद ही किमान प्रतीक्षा असते. तिच्यावर रांगेतला आणि पडदा बदलण्याचा वेळ चढतो. दर फेरीला दहा मिलिसेकंद धरले, तरी ४२० फेऱ्यांत ४.२ सेकंद होतात. म्हणून मी फेऱ्या मोजणेच सोडले. आरंभाची वेळ फोन सुरू झाल्यापासूनचा काळ सांगणाऱ्या 'इलॅप्स्डरिअलटाइम'वरून टिपली, कारण फोनचे नेहमीचे घड्याळ मध्येच कोणी पुढेमागे करू शकते. लोटलेला वेळ दर खेपेस वजाबाकीने काढला आणि त्याला १००० ने भागून उरणारी बाकी १००० मधून वजा करून पुढचा विलंब ठरवला. एखादी फेरी उशिरा आली, तरी तो उशीर पुढे साचत नाही.

एक खोड तरीही उरली होती. फोन आडवा केला की लॉगमध्ये (ॲपच्या दर फेरीच्या नोंदींत) एकाऐवजी सेकंदाला दोन ओळी उमटत, पुन्हा उभा केला की तीन. फोन फिरवल्यावर ॲक्टिव्हिटी (ॲपचा पडदा सांभाळणारा भाग) नव्याने तयार होत होती, पण जुन्यांचे रनेबल रांगेत जिवंतच होते. पडदा दिसेनासा होताना चालणाऱ्या 'ऑनस्टॉप'मध्ये रांगेतले रनेबल काढणारे 'रिमूव्हकॉलबॅक्स', पडदा दिसू लागताना चालणाऱ्या 'ऑनस्टार्ट'मध्ये पुन्हा सुरुवात आणि आरंभाची वेळ फोन फिरवल्यावरही टिकणाऱ्या व्ह्यूमॉडेलमध्ये, एवढे केल्यावर ओळ एकच उरली. बाईंनी स्टॉपवॉच पुन्हा लावले. मी मुद्दाम दोनदा फोन फिरवला आणि शेवटची घंटा त्यांच्या सात मिनिटांवरच वाजली.