आज रात्री की उद्या दुपारी?

लियोंला राहायला आले तेव्हा माझ्या लेखी चीज म्हणजे ते पिवळे क्यूब आणि पिझ्झावर ताणलं जातं ते, बास. त्यामुळे गल्लीतल्या चीजच्या दुकानात पहिल्यांदा गेले आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमधे कामांबेर मागितलं तर काउंटरमागच्या काकूंनी विचारलं, कधी खाणार? म्हटलं यांना काय करायचंय. परत विचारलं, आज रात्री की उद्या दुपारी? आज रात्री म्हटल्यावर त्यांनी एका लाकडी डबीचं झाकण काढलं, कागद बाजूला केला, मधोमध अंगठ्याने हलकंच दाबलं, नको म्हणून ठेवून दिली, दुसरी उघडली, तिसरी उघडली, ती बोटाखाली जरा दबली तेव्हा "ही आजची" म्हणून हातात दिली.

अहो, हे तर मे महिन्यातलं पुण्याचं मार्केट यार्ड झालं! पेटीतला एकेक हापूस हातात घेऊन "हे आज कापा, हे परवाला होतील" सांगणारा आंबेवाला आणि या काकू एकाच घरातल्या. कामांबेर कच्चं असलं तर मधे खडूसारखा पांढरा गाभा राहतो, पिकलं की तो लोण्यासारखा होतो, आणि फार उशीर केला तर अमोनियाचा भपकारा. इथे या पिकवण्याचा वेगळा धंदाच आहे, अफिनर म्हणतात त्या माणसाला. म्हणजे बऱ्याचदा दूध एकाचं, चीज बनवणारा दुसरा आणि तळघरात अढी लावून बसणारा तिसरा. ज्युरा डोंगरातलं कोंते घ्या, साधारण 400 लीटर दुधाचं 40 किलोचं एक चाक, ते किमान 4 महिने फळीवर, चांगलं असेल तर दीड-दोन वर्षं, मधूनमधून उलटायचं, मिठाच्या पाण्याने घासायचं. जुन्या कोंतेत दाताखाली बारीक दाणे येतात ते मीठ नाही बरं का, प्रोटीन फुटून झालेले खडे असतात. उन्हाळ्यात गाई हिरवं गवत खातात तेव्हाचं चाक पिवळंधमक आणि हिवाळी, सुक्या चाऱ्यावरचं फिकट.

सगळ्यात लाडकी गोष्ट मात्र रब्लोशोंची. साव्होआमधे पूर्वी जमीनदार दुधाच्या मापावर खंड घ्यायचा, तर त्याचा माणूस मोजायला आला की शेतकरी गाय अर्धवटच पिळायचे आणि तो गेला की परत बसायचे. आपल्याकडे गाय पान्हा चोरते, इथे मालकच चोरायचे! ते नंतरचं दूध जास्त साईचं, त्याचं हे चीज, आणि नावाचा अर्थही "पुन्हा पिळणं" असाच.

रॉकफोरचं सगळ्यांनाच माहितीये, मेंढीचं दूध, गुहा, निळी बुरशी, 1925 पासून नावाला कायद्याचं संरक्षण वगैरे. मला खारट लागतं, सॉरी.

आता वासाचं. बर्गंडीच्या एप्वास चीजची साल तिथल्याच दारूने धुतात, त्यावर जो बॅक्टेरिया वाढतो त्याचेच भाऊबंद आपल्या पायांवर असतात, त्यामुळे वास मोज्यांचा येतो हे काही आपलं कल्पनादारिद्र्य नाही. मी पहिल्यांदा ते फ्रीजमधे ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा चहासुद्धा एप्वासचा झाला. तरी सुकट-बोंबलावर वाढलेल्या माणसाने नाक मुरडणं शोभत नाही, म्हणून खाल्लं, आणि आत चक्क गोडसर, सायीसारखं.

आई आली होती तेव्हा पंचाईत झाली. ती पक्की शाकाहारी, आणि या पारंपरिक चीजमधे वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, असतं. कोंतेचा तुकडा तिने उचलला होता, मी सांगून टाकलं. तिने तो शांतपणे माझ्या ताटात ठेवला आणि अंजिराच्या जॅमशी पाव खाल्ला. नंतर फोनवर मावशीला म्हणाली, वास मात्र छान होता गं.

आज सॅं-मार्सेलॅं आणलंय, जेमतेम 80 ग्रॅमची चकती, मातीच्या छोट्या वाटीत. लियोंवाल्यांना ते वाहणारंच लागतं. आठ वाजता खाणार असं काकूंना सांगितलंय, आत्ता साडेसहा झालेत, ओट्यावर बसलंय आणि कडेने जरा सुटायला लागलंय. पाव आणायचा राहिलाय.