संत्र्याच्या पेटीतली हिरवी भुकटी

एमएस्सीच्या प्रोजेक्टला विषय मिळाला तो मामांमुळे. मामा पांढुर्ण्याचे. मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या संत्र्यांची एक पेटी दर वर्षी इंदूरला आमच्या घरी येते. त्या वर्षी पेटीच्या तळाशी हात घातला तर हिरवी भुकटी धुरासारखी उडाली. आई म्हणाली, "फेक ते." मी त्यातलं एक संत्रं पिशवीत बांधून कॉलेजात नेलं. निघालं पेनिसिलियम डिजिटॅटम, म्हणजे संत्र्या-मोसंब्यांची हिरवी बुरशी.

मॅडम म्हणाल्या, लवंगतेल वापरून बघ. त्यातलं युजेनॉल बुरशीच्या पेशीचं पातळ आवरण निकामी करतं. पण तेल पाण्यात मिसळेना, नुसता तवंग. त्यात ट्वीन ८०, म्हणजे तेल-पाणी एकत्र धरणारं द्रव्य, घातलं तेव्हा कुठे पांढरट पाणी झालं. बुरशीच्या खाद्याचा थर दिलेल्या प्लेटवर तर कमालच झाली, बुरशी उगवलीच नाही! मी त्या संध्याकाळी घरी पेढे नेले. घाई केली.

खरी गोष्ट फळावर. निर्जंतुक सुईनं साल २ मिमी टोचायची, भोकात बीजाणूंच्या पाण्याचा थेंब सोडायचा, मग फळ तेलाच्या पाण्यात बुडवायचं. प्लेटवरची मात्रा इथे काहीच कामाची नव्हती. तिसऱ्या दिवशी टोचल्या जागी पाणचट मऊ डाग, मग पांढरी बुरशी, मग मधोमध हिरवं. मात्रा वाढवली तर साल भाजल्यासारखी तपकिरी झाली. बुरशी न घातलेल्या, नुसत्या बुडवलेल्या संत्र्याची फोड आईला दिली. तिनं ती थुंकलीच. "दाढ दुखत होती का गं ह्या संत्र्याची?"

नंतर वाचलं, आणि हसू आलं. सालीला ओरखडा पडला की लिमोनीनसारखी जी सुवासिक द्रव्यं बाहेर येतात, त्यांच्या वासानंच ह्या बुरशीचे बीजाणू जागे होतात. जिला सुवासिक तेलाचीच सवय, तिला मी तेलानं मारायला निघाले होते.

शेवटी बंद डब्यात कापसाच्या बोळ्यावर तेल ठेवलं, फळाला न लावता नुसती वाफ. साल शाबूत राहिली, डाग दोनेक दिवस उशिरा आले. आले मात्र. मॅडमनी बजावलं, "'उशिरा आले' एवढंच लिही."

न टोचलेल्या संत्र्यांवर तेच बीजाणू सोडले होते. त्यातलं एकही सडलं नाही. मामांना फोन करून सांगितलं, फळ ओढून तोडू नका, देठ कातरीनं कापा, पेटीत टाकू नका, ठेवा.

मामा म्हणाले, "एवढं सांगाले एमएस्सी लागते काय वं?"