तुम्ही विचारलंत म्हणून: डॉक्टर क्वालिटीच्या कामात येतात कधी?

"आमचे डॉक्टर क्वालिटीच्या मीटिंगला येतच नाहीत. तुमच्याकडे कसे येतात?" हॉस्पिटलांत क्वालिटीचं, म्हणजे उपचारांतल्या चुका आणि उशीर कमी करण्याचं काम बघणारी माणसं भेटली की हा प्रश्न निघतोच. मी कॅज्युअल्टीत काम करणारी डॉक्टर. कितीतरी वर्षं मीसुद्धा त्या मीटिंगला जात नव्हते, म्हणून तिथूनच सांगते.

मीटिंग दुपारची, आणि माझी रात्रपाळी सकाळी संपलेली. पडद्यावर टक्केवारीचे तक्ते, शेवटी केसपेपर पूर्ण भरण्याची सूचना. त्या तक्त्यांत माझा एकही पेशंट मला ओळखू येत नसे. डॉक्टरांना पर्वा नसते असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. पर्वा असते, पण ती समोरच्या पेशंटपुरती. बाहेर बाकावर बसलेल्याकडे आमची नजर जात नाही, आणि कॅज्युअल्टीत किती तरी गोष्टी तिथेच बिघडतात.

मला या कामात आणलं ते एका ईसीजीनं. छातीत दुखतंय म्हणून कुणी आलं की 10 मिनिटांच्या आत ईसीजी निघून डॉक्टरच्या नजरेखालून गेला पाहिजे, हे सगळीकडे मान्य झालेलं आहे. हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडायला जितका उशीर, तितका जास्त स्नायू मरतो. त्या दिवशी पन्नाशीचे एक गृहस्थ आले. ईसीजी वेळेत निघाला, पण कागद ट्रॉलीवर बीपीच्या कफखाली पडून राहिला. मी आठ पावलांवर एका मुलाच्या कपाळाला टाके घालत होते. कागद हातात आला तेव्हा अटॅक स्पष्ट दिसत होता, आणि कोपऱ्यात छापलेली वेळ 22 मिनिटांपूर्वीची. गृहस्थ वाचले. तो कागद मात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

दुसऱ्या दिवशी मला 'कारणे दाखवा' नोटीस आली असती, तर मी चार ओळींचं उत्तर लिहून गप्प बसले असते. आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी वेगळंच केलं. "मॅडम, मशीनपासून तुमच्या हातापर्यंत कागद कसा येतो, चला बघू," म्हणाल्या. आम्ही दोघी दारापासून चालत निघालो. टेक्निशियन ईसीजी काढून पुढच्या पेशंटकडे धावतो, आणि कागद कुणाच्या हातात द्यायचा हे कधी ठरलेलंच नव्हतं. मग ठरवलं, कागद थेट ड्यूटी डॉक्टरच्या हातात आणि डॉक्टरनं वेळ लिहून सही करायची. दुसऱ्याच दिवशी हे फसलं, कारण टाके घालताना हातमोजे काढून सही कोण करणार? तेव्हा बदललं. टेक्निशियननं कागद डोळ्यांसमोर धरायचा, डॉक्टरनं बघून तोंडी सांगायचं, वेळ टेक्निशियननं लिहायची. हे टिकलं, कारण ते आम्हीच मोडून पुन्हा बांधलं होतं.

नुसते आकडे दाखवून डॉक्टर वळत नाहीत, हे जुनंच आहे. 1847 साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं इतर डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये 18 टक्क्यांवर गेलेले बाळंतिणींचे मृत्यू जून-जुलैत दोन टक्क्यांच्या आसपास आले. तरी त्या काळातल्या बहुतेक डॉक्टरांनी ते मानलं नाही. पुढे त्यानं पत्रांतून सहकाऱ्यांना खुनी म्हटलं, त्यानं अंतर आणखी वाढलं. त्याच्या जागी मी असते तर मलाही इतकाच संताप आला असता. पण 'तुझ्यामुळे मेले' हे ऐकून कुणी जवळ येत नाही. याच्या उलट अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात झालं. तिथल्या शंभरावर आयसीयूंत सलाइनच्या मोठ्या नळीतून होणारं रक्तातलं इन्फेक्शन कमी करायचं होतं. प्रत्येक आयसीयूत एक डॉक्टर आणि एक नर्स यांना जोडीनं पुढे केलं. पाळायच्या पायऱ्या मोजून पाच. 2006 साली निकाल छापून आला. हजार नळी-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस नळी, तो एक नळी-दिवस) 2.7 इन्फेक्शनं हा सगळ्या आयसीयूंमधला मधला आकडा होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला.

म्हणून मला कुणी विचारलं की मी आधी एवढंच सांगते: डॉक्टरला त्याचेच पेशंट दाखवा, आधी एकट्याला, बंद खोलीत. त्याला काय खुपतंय ते विचारा आणि त्यातली एक गोष्ट आठवड्यात दुरुस्त करून दाखवा. आणि या कामाचे तास रोस्टरमध्ये लिहा. झोपेतून काढलेल्या वेळावर हे काम चालत नाही.

आमच्याकडे फरक मला जाणवला तो एका सकाळच्या हँडओव्हरला, रात्रपाळी दिवसपाळीकडे पेशंट सोपवते तेव्हा. पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाला, "रात्री मी चुकीची अँप्यूल फोडली होती. सिस्टरांनी भरताना पाहिली, म्हणून वाचलो." दोन सारख्या दिसणाऱ्या अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाच्या काचेच्या कुप्या, शेजारच्या कप्प्यांत होत्या. त्याला कुणी रागावलं नाही. दुपारच्या आत कप्पे वेगळे झाले. त्या आठवड्यात रात्रपाळीच्या डॉक्टरांनी वहीत आणखी तीन गोष्टी लिहिल्या. दोन सुटल्या. तिसरी अजून अडलेली आहे: वॉर्डात बेड मिळेपर्यंत कॅज्युअल्टीत थांबलेला पेशंट नक्की कुणाच्या जबाबदारीवर? त्यासाठी वरच्या मजल्यावरचे फिजिशियन हवेत. त्यांच्यातल्या दोघांना मी एक रात्र खाली आमच्याबरोबर थांबायला बोलावलंय. एकजण हो म्हणालेत.