सेवकाई, सोमवार ते शनिवार

बुधवार

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकसाहेबांचा फोन आला होता. रविवारी भक्तीनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, तरुण संघात मी बोलायचं, विषय ‘शहरातली सेवकाई’, म्हणजे देवासाठी म्हणून केलेली सेवा. बायबल कॉलेजात न गेलेल्या, रोज नोकरी करणाऱ्या माणसाने बोलावं अशी त्यांची इच्छा. मी लगेच हो म्हटलं. कितीतरी दिवस मनात साचलेलं आहे, ते आधी इथे उतरवते.

पुण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी मेडिकल सोशल वर्कर आहे. बिलिंगच्या काउंटरला लागून माझं टेबल. योजना समजावून सांगायच्या, कागद तपासायचे, फाइल सहीसाठी वर न्यायची, ती अडकली तर पाठपुरावा करायचा. दिवसभर हेच.

आज परभणीकडचे एक दादा आले. वाकडला एका सोसायटीत वॉचमन आहेत. वडील जिन्यावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या एस्टिमेटचा कागद चौकोनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलेला, आणि गावाकडे म्हैस विकायचं फोनवर बोलणं चाललेलं. ॲडमिशनच्या फॉर्मवर ‘स्वतः खर्च करणार’ या चौकटीत खूण होती. ती कुणी केली विचारलं, तर म्हणाले, “काउंटरवर विचारलं पैसे कोण भरणार, मी म्हटलं मीच भरणार. बाप माझा आहे.”

पगार विचारला. दहा-अकरा हजार. रेशनकार्ड विचारल्यावर मात्र ते एकदम ताठ झाले. “मॅडम, फुकटातलं नको. आम्ही मागून खाणारे नाही.”

खुर्ची ओढून त्यांना बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. हे हॉस्पिटल धर्मादाय म्हणून नोंदलेलं आहे, त्यामुळे त्याला करात सवलत मिळते. त्या बदल्यात कायद्याने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. बाकीच्या रुग्णांच्या बिलांतले २ टक्के एका वेगळ्या निधीत जातात, तो निधी याच कामासाठी असतो. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असलं की माणूस निर्धन गटात बसतो, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल घटकात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ही योजना घालून दिली. “म्हणजे दादा, ही भीक नाही. तुमच्या नावाने बाजूला ठेवलेलं आहे, ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही एवढंच.”

त्यांनी खिशातला कागद काढला, उलगडला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. म्हैस तूर्तास विकू नका, असा गावाकडे फोन माझ्यासमोरच केला.

गुरुवार

मंडळीतल्या एका ज्येष्ठ बंधूंनी मागे मला विचारलं होतं, “एवढी माणसं रोज तुझ्यासमोर येतात, किती जणांना प्रभूविषयी सांगतेस?” त्यांच्या मनात खोट नव्हती. पण माझं उत्तर तेव्हाही स्पष्ट होतं, आजही आहे. त्या टेबलावर बसून मी कुणालाही काही सांगत नाही.

समोरच्या माणसाचा बाप वर वॉर्डात वेदनेने कण्हत असतो आणि त्याच्या फाइलवर सही माझी लागते. अशा वेळी मी काहीही म्हटलं तरी तो मान डोलावणार. त्याला ‘नको’ म्हणायची सोयच नाही. जिथे माणूस नको म्हणू शकत नाही, तिथे येशूची सुवार्ता सांगणं हा त्या सुवार्तेचाच अपमान आहे, असं मी मनापासून मानते. कुणी आपणहून विचारलं, गळ्यातल्या क्रॉसकडे बघून विचारतातही, तर ड्यूटी संपल्यावर कँटीनमध्ये चहा घेत मोकळेपणाने बोलते. तिथे आम्ही दोघं सारखे असतो.

बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो. मागे वळून आभार मानायला येतो एकच, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशू विचारतो खरं, पण त्यांचं बरं होणं परत घेत नाही. ते नऊ जण आपापल्या घरी निरोगीच गेले. आपल्याकडे संदेश नेहमी त्या दहाव्यावर होतो. मला सोमवार ते शनिवार ते नऊ जण भेटतात, आणि त्यांच्यासाठी काम करताना मला काही कमी पडल्यासारखं वाटत नाही.

बायबलमधल्या कलस्सैकरांच्या पत्रातली ओळ आमच्या घरात भिंतीवर आहे: जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. तिच्या आधीची ओळ भिंतीवर कुणी लावत नाही. प्रेषित पौल हे दासांना लिहितो आहे. ज्यांना काम निवडायची मुभा नव्हती, पगार नव्हता, रजा नव्हती, त्यांना. लिहिणारा स्वतः करिंथ शहरात असताना अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू शिवून पोट भरत होता. हे वचन घाम गाळणाऱ्यांच्यात जन्मलं आहे, म्हणूनच बिलिंगच्या गर्दीत मला ते आठवतं.

शुक्रवार

दादांच्या पुतण्याने रेशनकार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. वर मात्र मूळ प्रतच लागेल म्हणाले. फोटोवर काम सुरू करू, मूळ प्रत सोमवारपर्यंत येईल, म्हातारा माणूस आहे, ऑपरेशन थांबवता येणार नाही, असं मी तीन टेबलांवर जाऊन सांगितलं. योजनेतच लिहिलं आहे की या रुग्णांकडून दाखल करताना डिपॉझिट मागायचं नाही. तो कागद मी ड्रॉवरमध्ये कायम ठेवते, आज पुन्हा काढून दाखवला. आवाज चढवला नाही, पण हललेही नाही. दुपारी सही झाली.

सही मिळवून दिली ती माझ्या शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी. त्या वारकरी घरातल्या, एकादशीला साबुदाणासुद्धा न खाणाऱ्या. पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा रजा टाकून वारकऱ्यांचे पाय चेपायला जातात. कुठली फाइल कुठे अडते हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. त्यांच्याबरोबर काम करताना ख्रिस्ती सेवा आणि साधी सेवा यांत रेघ ओढत बसायची मला गरज वाटत नाही. माझी ताकद प्रार्थनेतून येते, त्यांची नामातून. रुग्णाला दोन्ही मिळतात.

याच पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याहून एका आजारी मुलाला उचलून आपल्या दत्तक मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या, दवाखान्यात आणलं, आणि त्याच साथीने त्यांचा अंत झाला. तारीख १० मार्च. त्याच वर्षी मे महिन्यात पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून सरकारी प्लेग हॉस्पिटलातल्या बायकांच्या हालांवर बोट ठेवलं. सत्ताधीश ख्रिस्ती, लिहिणारी ख्रिस्ती, तरी त्यांनी भीड ठेवली नाही. प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटात गेलं. गव्हर्नरांनी आरोप नाकारले, रमाबाई मागे हटल्या नाहीत. आमच्या मंडळीत रमाबाईंची प्रार्थना सांगतात, बायबलचं भाषांतर सांगतात. हे पत्रही सांगायला हवं. रुग्णाचे पाय धुणं ही सेवकाई, आणि रुग्णाचे हाल होतात म्हणून सही करून तक्रार लिहिणं हीसुद्धा सेवकाईच.

शनिवार

सकाळी दादांच्या वडिलांचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. दादा भेटले, “मॅडम, पेढे आणतो” म्हणाले. पेढे नकोत, शेजारच्या खाटेवरच्या मावशींना योजनेचं सांगा म्हटलं. ते गेलेही. तासाभराने त्या मावशींची मुलगी रेशनकार्ड घेऊन माझ्यासमोर उभी होती.

उद्या तरुण संघात काय बोलायचं हे आता पक्कं झालं आहे. आमच्या मुलांपैकी कुणी बँकेत आहे, कुणी आयटीत, कुणी शाळेत, दोघं डिलिव्हरीचं काम करतात. एक मुलगी विमा कंपनीच्या क्लेम विभागात आहे, तिच्याशी मला खास बोलायचं आहे. प्रत्येकाला कोरा कागद देणार आणि विचारणार: तुझ्या कामाच्या ठिकाणी कोणती गोष्ट माहीत नसल्यामुळे गरीब माणसाचं नुकसान होतं? ती तुला माहीत आहे का? मग ती कुणाला सांगतोस?

योजनेचे फॉर्म मराठीतून छापून घेतले आहेत. भक्तीला येणाऱ्या घरकाम करणाऱ्या बायकांनाही द्यायचे आहेत, म्हणून थोडे जास्त काढले. प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षारसाचा) विधी असल्यामुळे उद्या भक्ती लांबेल, तेव्हा फॉर्म आधीच दाराशी ठेवायला सांगितलं आहे.