'कसाले' आणि गोड काळिमा

मागच्या आठवड्यात आठवीच्या पोरांना सांगितलं की उद्या येताना घरात बोलला जाणारा, तुम्हाला आवडणारा एकच शब्द घेऊन या, पुस्तकातला चालणार नाही. आमच्याकडे खानदेशात कुणाच्या घरी अहिराणी तर कुणाकडे लेवा बोली, आणि पोरं शाळेत आली की ते सगळे शब्द गेटबाहेर ठेवून येतात, मला याचं खरंच फार वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी वावर आलं, धाबं (मातीचं सपाट छप्पर) आलं, बठ्ठा (सगळा) आला. मागच्या बाकावरचा एक मुलगा, कधी बोलत नाही तो, उठून म्हणाला "कसाले", म्हणजे 'कशाला'. सगळे हसले. मी विचारलं, घरी कोण म्हणतं, कसं म्हणतं? मग त्याने म्हणूनच दाखवलं, बॅट घेऊन निघालं की माय म्हणते ते, रात्री दारात कुणी आलं तर "कसाले उना?" (कशाला आलास?) ते, आणि कपाशी पावसात गेली तेव्हा आजोबा ओट्यावर बसून कुणालाच न विचारता म्हणाले ते. वर्ग एकदम गप्प. शब्द तोच, सूर तीनदा बदलला, मला वेगळं काही समजवायलाच लागलं नाही.

मग लगेच बालकवींची 'औदुंबर' काढली. बालकवी आपल्या धरणगावचे, १८९० चा जन्म, आणि १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, वय फक्त २७. भादलीवरून रोज ये-जा करणारी पोरं वर्गात आहेत, त्यांना हे माहीतच नव्हतं!

कविता आठच ओळींची. मी म्हटलं अर्थ राहू द्या, मी वाचते, जिथे आवाज बदलावासा वाटेल तिथे बाकावर थाप मारा. हिरवाळी, निळासावळा झरा, चिमुकलं गाव, पांढरी पायवाट, कुणी हललं नाही, आणि सहाव्या ओळीच्या शेवटी ती वाट "काळ्या डोहाकडे" गेली तशा दहा-बारा थापा एकदम. एक मुलगी म्हणाली, मॅडम इतका वेळ सगळं हिरवं हिरवं होतं ना.

पुढच्याच ओळीत 'गोड काळिमा' आहे, तिथे वाद झाला, काळं गोड कसं असेल. मी गप्प बसले (हे फार अवघड जातं). तर एकाने सांगितलं, मे महिन्यात रस्त्यावरून केळीच्या बागेत शिरलं की आत कसा गार अंधार लागतो, तसं. इतकी वर्षं ही कविता शिकवतेय, मला हे कधी सुचलं नव्हतं. रसग्रहणाच्या ठरलेल्या उत्तरात हे कुठून येणार.

माझा स्वतःचा आवडता शब्द शेवटच्या ओळीतला 'असला', पण तो मी अजून त्यांना सांगितलेला नाही, आधी त्यांचे त्यांना सापडू देत.

आता सहा ओळी लिहायला दिल्यात, आपला शब्द पाहिजेच आणि मधे कुठेतरी सूर बदलला पाहिजे. त्या मागच्या बाकावरच्याने पाच ओळी बोंडं फुटलेल्या पांढऱ्या वावरावर लिहिल्यात, सहाव्या ओळीत फक्त 'कसाले', पुढे प्रश्नचिन्ह पण नाही.